‘वृद्ध’ : अर्थ आणि वापर

‘वृद्ध’ हा शब्द संस्कृतातील ‘वृध्’ धातूपासून झाला आहे. या धातूचा अर्थ वाढणे. तेव्हा वृद्ध म्हणजे मुळात वाढलेला, झिजलेला नव्हे. झिजण्याचा अर्थ ‘जॄ’ धातूत आहे आणि जरा, जीर्ण, जर्जर हे शब्द त्या धातूचे होत. वृद्धी, वर्धन, वर्धापन व वार्धक्य ही मात्र एकाच कुळातील भावंडे. घरात मूल जन्मल्यावर जे अशौच पाळतात, त्यालाही मराठीत ‘वृद्धी’च म्हणतात.

वाढ केवळ वयाचीच असते असे नाही. म्हणून वयोवृद्ध, ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध असे समास झाले. वर्ध्याजवळ पवनार येथील आश्रमात १५ नोव्हेंबर १९८२ रोजी आचार्य विनोबा भावे यांनी अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला, त्या वेळी ते ८७ वर्षांचे होते. त्यांना ही तिन्ही विशेषणे शोभतात. पण एखाद्या तरुण विद्वानास ज्ञानवृद्ध म्हटले तरी ते चुकीचे ठरत नाही. (‘वर्धा’ हे नाव ऐकताना याच धातूचे वाटते खरे, परंतु नदीचे जुने नाव ‘वरदा’, म्हणजे वर देणारी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाच्या वाटणीची सीमा म्हणून ती येते.)

‘वृद्ध’चे प्राकृत रूप ‘वुड्ढ’. हिंदीतील ‘बूढा’ आणि वैदर्भी बोलीतील ‘बुढा-बुढी’ त्याच वळणाचे. बोलीत हे शब्द आईबापांसाठीही सहज येतात; त्यांत अनादर असतोच असे नाही. ‘म्हातारा’ची कथा वेगळी. तो ‘महत्तर’पासून, म्हणजे अधिक मोठा या अर्थाच्या शब्दापासून आला. ऐकायला तो आज रूक्ष वाटतो, हा काळाचा महिमा.

‘वृद्धाश्रम’ शब्द रूढ झाल्यापासून ‘वृद्ध’ला निराधारपणाची छटा चिकटली. २००७ च्या निर्वाह व कल्याणविषयक केंद्रीय कायद्याने साठी गाठलेल्यांस ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटले आणि तोच शब्द सभ्य मानला जाऊ लागला. गंमत अशी, की पाणिनीच्या व्याकरणात ‘ज्येष्ठ’ हे ‘प्रशस्य’प्रमाणेच ‘वृद्ध’चेही अतिशयदर्शक रूप आहे. वृद्ध म्हणवून घेणे टाळणारा माणूस अशा रीतीने सर्वांत वृद्ध ठरतो!

‘वयस्क’ शब्द मात्र जपून वापरावा. मराठीत वयस्क किंवा वयस्कर म्हणजे उतारवयाचा. हिंदीत वयस्क म्हणजे सज्ञान, मग तो अठराच वर्षांचा का असेना. हिंदीचा शेजार असलेल्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यात भाषांतर करताना ही गफलत सहज होते.