मुंबई बंदर आणि दैनिक वृत्तपत्रे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या दैनिकांना परमुलखाची बातमी बहुतांशी समुद्रावाटे मिळे. बोटीतून येणारे विलायती टपाल, समुद्रतळाच्या तारेने येणारे चार-दोन ओळींचे संदेश आणि बंदरात लागलेल्या-सुटलेल्या जहाजांची रोजची यादी या तिन्हींवर शहराची वृत्तपत्रे पोसली गेली. त्यांचा वृत्तपत्रांवर, वाचकांवर आणि घाटावरच्या गावांवर झालेला परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. कालखंड साधारणपणे १९०० ते १९४७ असा धरला आहे. आधीचे संदर्भ लागतील तेवढेच दिले आहेत.

पार्श्वभूमी : मुंबईत वृत्तपत्र आणि व्यापार यांची सोयरीक जुनी. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केले, तेव्हापासून जहाजांची ये-जा आणि मालाची खरेदी-विक्री हा त्याचा हक्काचा मजकूर होता. १८३८ मध्ये निघालेल्या इंग्रजी पत्राने तर ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ असे नावच घेतले. १८६१ मध्ये रॉबर्ट नाइट यांच्या संपादकत्वाखाली त्याचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि केपला वळसा घालणारी वाट मागे पडली. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. ससून डॉक १८७५ मध्ये, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक त्या दशकाच्या अखेरीस आणि अलेक्झांड्रा डॉक (आताचे इंदिरा डॉक) १९१४ मध्ये सुरू झाले. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतील मातीने भराव घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या तेथे थाटल्या गेल्या.

जहाजांचा रकाना : इंग्रजी व गुजराती दैनिकांत जहाजवार्तेचा रकाना ठरलेला असे. बोटीचे नाव, कप्तान, वजन, कोणत्या बंदराहून आली, कोणत्या बंदराला निघाली, एजंट कोण, असा त्याचा साचा. रकाना दिसायला रूक्ष, पण रुईचा दलाल, विमेवाला, कापडाचा आयातदार आणि गोदीतला मुकादम या सर्वांचा दिवस त्यावर ठरे. बोट दोन दिवस लांबली तर वखारीतल्या मालाचा भाव हलत असे. इंग्रजी पत्रे पी. अँड ओ. कंपनीच्या मेलबोटींच्या उतारूंची यादीही छापत. पहिल्या व दुसऱ्या वर्गातल्या साहेब-मडमांची, न्यायाधीशांची, लष्करी अधिकाऱ्यांची नावे त्यांत मिळतात. डेकवरचा उतारू मात्र आकड्यातच राहिला. कोकणातला खलाशी, हजला निघालेला यात्रेकरू, आफ्रिकेला चाललेला कारागीर यांची नावे या रकान्यात शोधून सापडत नाहीत. वर्तमानपत्रावरून बंदराचा इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव आधीच हिशेबात धरलेली बरी.

मराठी पत्रांत हा रकाना कधी नीट रुजलाच नाही. कारण उघड आहे. आयात-निर्यातीची पेढी पारशी, भाटिया, खोजा, मेमन आणि युरोपीय यांच्या हाती होती. मराठी माणूस गोदीत ओझी वाहत होता, बोटीवर सारंग, तांडेल किंवा खलाशी होता, कचेरीत कारकून होता. बाजारभावाची खबर विकत घेण्याइतका त्याचा बाजाराशी संबंध नव्हता. म्हणून मराठी पत्रकारिता समुद्राकडे वळली ती राजकारणाच्या वाटेने, आणि पुढे अपघातांच्या.

तार आणि टपाल : १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे समुद्रतळाची तार मुंबईला जोडली गेली. रूटर या वृत्तसंस्थेची कचेरी त्याआधीच, १८६६ मध्ये, मुंबईत उघडली होती. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे ‘रूटरच्या तारा’ त्रोटक असत. लंडनच्या पार्लमेंटात काय घडले ते दुसऱ्या दिवशी कळे. पण कोण काय बोलले हे वाचायला आठवड्याला एकदा येणाऱ्या मेलबोटीची वाट पाहावी लागे आणि तोवर सुमारे पंधरवडा उलटलेला असे. एकच घटना अशी दोनदा छापली जाई : आधी तारेतून सांगाडा, मग टपालातून रक्तमांस. ‘विलायतेचे टपाल आले’ म्हणजे संपादकाला अग्रलेखाचा विषय मिळाला, असा हिशेब होता. शहराची घड्याळेही या धांदलीत भर घालत. १९०६ पासून सरकारी प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी तीपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई टाइम’ कित्येक वर्षे सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा चालत.

तारेने येणाऱ्या आकड्यांचा एक आडफाटाही फुटला. न्यूयॉर्कच्या रुईबाजाराचे उघडते व बंद होते भाव मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर पैसे लावले जात. पुढे गाजलेल्या मटक्याचे मूळ या ‘आकडा’ जुगारात आहे. न्यूयॉर्कचे भाव गिरणगावातल्या पानपट्टीपर्यंत पोहोचले ते या मार्गाने. वृत्तपत्रांनी असा वाचक मिळवण्याची योजना केलेली नव्हती.

घाटावर : बोटीतून उतरलेले टपाल मुंबईत थांबत नसे. मद्रासकडे जाणारे टपाल पुणे, दौंड, सोलापूर, रायचूर असे आगगाडीने जाई. १८७१ मध्ये रायचूरला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले आणि पुणे जिल्ह्यातले दौंड (रेल्वेच्या जुन्या कागदांतले ‘धोंड’) विलायती टपालाच्या वाटेवर आले. १८७६–७८ च्या दुष्काळात बांधलेला दौंड–मनमाड फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यावर ते जंक्शन बनले. शेजारच्या शिरूर तालुक्याला मात्र रेल्वे लाभली नाही. शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, शिरूर या गावांचे टपाल पुणे–नगर सडकेने जाई. नोंदणीकृत वृत्तपत्राला पाव आण्याच्या तिकिटाची सवलत होती, तिचा मोठा आधार पुण्याच्या पत्रांना मिळाला. ‘केसरी’ मंगळवारी निघे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचे, पण १९०४ मध्ये दैनिक झाले. समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्याला बंदराची झळ लागे ती भावातून : परदेशातून रुईची मागणी घटली की इकडे कपाशीचा भाव पडे, आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ मुंबईत उतरला की टंचाईच्या साली धान्याला उतार मिळे. चावडीवर एकाने पत्र वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, ही रीत असल्याने पत्राचा खप आणि त्याचा पल्ला यांत फार अंतर होते.

राजकारण आणि बोट : मराठी पत्रांतल्या गाजलेल्या समुद्रवार्ता बहुतेक राजकीय आहेत. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झालेल्या टिळकांना आधी साबरमतीस व नंतर बोटीने ब्रह्मदेशात नेण्यात आले. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेल्सच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली. पकडले जाऊन ते मुंबईस उतरले २२ जुलैला. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधी ‘अरेबिया’ बोटीने मुंबईस आले, तेव्हा अपोलो बंदरावर स्वागताला गर्दी होती. (हीच ‘अरेबिया’ पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवली.) फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये सरकारने उचलून विलायतेच्या बोटीत बसवले. बातमी आणणाऱ्या बोटीचा सरकारने बातमी थांबवण्यासाठी असा उपयोग केला. छापखाना जप्त करण्यापेक्षा हा उपाय झटपट होता.

महायुद्धांचा काळ : पहिल्या महायुद्धाने मराठी दैनिकाला वाचक मिळवून दिला. अच्युत बळवंत कोल्हटकर यांचे ‘संदेश’ १९१५ मध्ये मुंबईत निघाले आणि लढाईच्या बातम्या चटकदार भाषेत रोज वाचण्याची चटक त्याने लावली. युद्ध केवळ फ्रान्सच्या चिखलात नव्हते. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वोल्फ’ या जर्मन युद्धनौकेने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि २३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ.ची ‘मंगोलिया’ त्यांतल्या एका सुरुंगावर आदळून बुडाली. युद्धकाळात जहाजांच्या हालचाली छापणे म्हणजे शत्रूला वर्दी देणे, म्हणून जहाजवार्तेवर सेन्सॉरची कात्री आली. बंदरात सर्वांत जास्त घडत होते, नेमके तेव्हाच त्याबद्दल सर्वांत कमी छापले गेले.

दुसऱ्या महायुद्धात याची कमाल झाली. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीवर स्फोट झाला. बोटीत सुमारे १,४०० टन दारूगोळा, जोडीला रुईच्या गासड्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, सोन्याचे तुकडे लांबवर उडाले. आवाज अवघ्या शहराने ऐकला होता, खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या, तरी सविस्तर वृत्त बाहेर पाठवण्याची मुभा वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. त्याआधीच जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ते जगाला सांगून टाकले होते.

कोकणच्या बोटी : मराठी वाचकाचा खरा जिव्हाळा किनाऱ्यावरच्या आगबोटींशी होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक ‘शेफर्ड कंपनी’ म्हणत. तिच्या स्पर्धेत स्वदेशीच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनीचे तोंडी नाव ‘माझी आगबोट कंपनी’. मुंबईहून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीस जाई. पावसाळ्यात हा मार्ग बंद. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात नांगर टाकी, किनाऱ्यावरून पडाव (उतारू ने-आण करणाऱ्या होड्या) येत. लाटेवर पडाव वर आला की तेवढ्या क्षणात खलाशी उतारूच्या दंडाला धरून त्याला आत ओढी. मागून ट्रंक, वळकटी, आंब्याची पेटी आणि रडणारे पोर हातोहात जाई. एखादे गाठोडे पाण्यात पडले तर त्याचा पंचनामा दैनिकात येत नसे. बोटीचे सुटण्याचे दिवस आणि दर मात्र जाहिरातीत नेमाने छापले जात, आणि शिमगा व मे महिना जवळ आला की चाकरमानी पत्राचे ते पान आधी उघडी.

हाच उतारू बातमीत आला तो बुडाल्यावर. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणून ओळखली जाणारी बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात उतारूंसकट नाहीशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ तासाभराच्या आत उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. ती बुडाल्याचे मुंबईला समजायला संध्याकाळ व्हावी लागली. लंडनची तार एका दिवसात पोहोचवणाऱ्या शहराला डोळ्यांसमोरच्या खाडीतली बातमी दिवसभर लागली नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली असे मानले जाते. नक्की संख्येवर एकमत नाही. मेलबोटीच्या उतारूंची नावे छापणाऱ्या पत्रांना ‘रामदास’च्या मृतांची पूर्ण यादी देता आली नाही.

स्वदेशी जहाजे : वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस निघाली. ही तारीख पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले आणि १९२३ च्या करारात तिच्यावर मर्यादा घातल्या. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी लावून धरली. १९२० च्या दशकात एस. सदानंद यांनी फ्री प्रेस ही वृत्तसंस्था काढली, तिचे भांडण रूटरशी होते. जहाज आणि तार, दोन्हींवरच्या परकी मक्तेदारीला याच दशकात आव्हान मिळाले.

अस्त : १९२९ मध्ये लंडन–कराची विमानटपाल सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. मेलबोटीची वाट पाहण्याची गरज तेव्हापासून ओसरत गेली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ १९५९ मध्ये बंद पडले. ‘मुंबई समाचार’ आजही निघते. या विषयाच्या अभ्यासकाने केवळ मराठी पत्रांवर विसंबू नये : माल आणि भाव गुजराती व इंग्रजी अंकांत आहेत, राजकारण मराठीत आहे, आणि डेकवरच्या माणसांसाठी कोकणातल्या घरांतली जुनी पत्रे व मनीऑर्डरीच्या पावत्याच पाहाव्या लागतील.