वाकळेचे थर

कोल्हापूरचा इतिहास म्हटला की पन्हाळा, शाहू महाराज, तालमी आणि चित्रपट डोळ्यांसमोर येतात. पण पुरुषमाणसं कामाला गेली, राखेनं घासलेली भांडी पालथी पडली, म्हणजे दुपारी सोप्यात जे काम सुरू व्हायचं, त्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची नाही. ते काम म्हणजे फाटकं सांधणं. सदऱ्याला ठिगळ, धोतराला टाके, आणि ज्याला काहीच करता येत नाही ते वाकळेत.

बाकीचे गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ म्हणतो. सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, वर धडुत्यांचे थर द्यायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडे यायचं. माझी आज्जी शिवायला बसली की आईचा प्रश्न ठरलेला, "आत्याबाई, हे वरनं घालू का आतनं?" आज्जी मान वर न करता म्हणायची, "आतनं घाल. वर धड लागतंय, आत काय बी चालतंय." घरातल्या गरिबीवर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

ही काटकसर कापड दुर्मीळ म्हणून होती का? तसं वरवर दिसत नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणी काढली. शाहू मिलच्या भोंग्यावर आमच्या पेठेतल्या बायका चूल पेटवायच्या. इकडे इचलकरंजीत त्याच दशकात यंत्रमाग आला आणि पुढं गावाचं नावच त्यावर चाललं. म्हणजे कापड दारात विणलं जात होतं. विकत घ्यायला हातात पैसा मात्र नव्हता. नऊ वारांचं लुगडं नेसून विटलं की त्याचा धडपा व्हायचा, मऊ भागाचं बाळाला दुपटं, उरलेलं वाकळेत. शेवटची चिंधी दिव्याच्या वातीला.

दुसऱ्या महायुद्धात तर पैसा असूनही कापड मिळेना. गिरण्यांचा बराच माल लष्कराकडे जात होता, भाव चढले, काळाबाजार माजला. अखेर सरकारनं १९४३ साली कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश काढला. त्याच साली ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारनं गृहिणींसाठी एक पुस्तिका छापली, 'मेक डू अँड मेंड'. आहे त्यात भागवा, फाटलेलं शिवा. आमच्या आज्जीला अक्षरओळख नव्हती. तिला ही पुस्तिका कुणी वाचून दाखवली असती, तर "ह्यात नवीन काय?" असंच तिनं विचारलं असतं.

या कामाचं कौतुक करताना मी जरा बिचकतो. हल्ली प्रदर्शनांत वाकळ भिंतीवर टांगतात, रंगसंगतीची वाखाणणी होते. ती योग्यच आहे. पण त्या रंगसंगतीसाठी कुणाची कंबर धरली, कुणाचे डोळे गेले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. घरात चार पैसे येत ते मिळकत म्हणून मोजले जात. घरातून चार पैसे जायचे थांबत, ती मिळकत कुणी धरली नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन, टेरिलीन आलं आणि वाकळेची तब्येत बिघडली. हे कापड निसटतं, घाम टिपत नाही, ऊब देत नाही. त्यातच दारात बोहारीण स्टीलची भांडी घेऊन उभी राहू लागली. ज्या लुगड्याची वाकळ झाली असती, त्याचा डबा झाला. बायकांनी डबा निवडला, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

नवरात्राच्या आधी पंचगंगेच्या घाटावर अजून अंथरूण-पांघरूण धुवायला बायका येतात. पाण्यानं जड झालेली वाकळ एकटीला पिळवत नाही, दोघी दोन टोकांना धरतात.

आज्जीची एक वाकळ मी मध्यंतरी उसवली. वर आईचं हिरवं लुगडं, खाली आजोबांची धोतरं, त्याखाली आत्याचं परकर-पोलकं. तळाशी हातमागाच्या जाड पांढऱ्या कापडाचा तुकडा निघाला, त्यालाही आधीची दोन ठिगळं होती.