कळप कशावर टिकतो? किंग रँचच्या चार पिढ्यांची हकिकत



जमीन वारसाहक्काने मिळते, पण चांगला कळप तसा मिळत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने राखावा लागतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या किंग रँचची हकिकत हेच सांगते. रँच म्हणजे जनावरे मोकळी चारण्याचे विस्तीर्ण कुरण.

रिचर्ड किंग हा नदीत आगबोट चालवणारा माणूस. १८५३ साली त्याने एका ओढ्याकाठची १५,५०० एकर जमीन मेक्सिकन वारसांकडून ३०० डॉलरला घेतली. त्या कोरड्या मुलखात पाण्याची जागा त्याने आधी धरली, जनावरे मागून आणली. पुढे मेक्सिकोतल्या दुष्काळी क्रुइयास गावची जनावरे त्याने विकत घेतली आणि तिथल्या माणसांनाही कामाला बोलावले. जनावरांची पारख असलेली ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. 'किंगची माणसं' हेच त्यांचं नाव पडलं.

१८८५ साली किंग वारला तेव्हा डोक्यावर सुमारे ५ लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याची पत्नी हेन्रिएटा हिने जावई रॉबर्ट क्लेबर्ग याच्या हाती कारभार दिला. त्याच्यापुढे दोन संकटे होती, दुष्काळ आणि गोचीड. गोचिडामुळे जनावरांना ताप येतो हे शास्त्रज्ञांनी १८९३ साली सिद्ध केले. क्लेबर्गने जनावरे औषधाच्या पाण्यात बुडवून काढण्याचे हौद बांधले. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या हौदांत त्यांची गणना होते. १८९९ साली खोल विंधण घेतल्यावर पाणी आपोआप वर आले आणि रँचला आधार मिळाला.

तिसऱ्या पिढीत त्याच नावाच्या मुलाने वाणाकडे लक्ष दिले. तिथली शॉर्टहॉर्न जनावरे अंगाने भारी, पण उन्हाने आणि गोचिडाने हैराण होत. वशिंड असलेल्या भारतीय रक्ताची जनावरे मात्र तग धरत. आपली गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची जात यांच्या रक्तातून तिकडे 'ब्राह्मन' ही जात तयार झाली होती. या दोन्हींच्या संकरातून १९२० साली 'मंकी' नावाचा तांबडा वळू जन्मला. त्याच्या वंशातून, आठात पाच भाग शॉर्टहॉर्न आणि तीन भाग ब्राह्मन अशी, सांता गर्ट्रुडिस जात उभी राहिली. १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. ही मांसासाठी पाळायची जात आहे. आपल्याला दूध आणि बैल हवेत, म्हणून जात उचलायची नाही, रीत उचलायची.

सगळं श्रेय जनावरांना देऊन मात्र चालणार नाही. १९२५ साली हेन्रिएटा वारल्यावर वारसकर आणि मंदी यांचा बोजा आला. १९३३ साली तेल कंपनीशी करार झाला म्हणून तो हलका झाला. वाटण्या झाल्याच, तरी मोठा हिस्सा १९३४ साली घरच्यांनी एका कंपनीत एकत्र ठेवला. आजही ८ लाख एकरांहून अधिक जमीन त्या घराण्याच्या वारसांच्या कंपनीकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं चार जनावरं, आम्हाला याचा काय उपयोग? बघा, तीन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

एक, वही ठेवा. गाय कधी फळली, कोणत्या वळूने किंवा कोणत्या रेतनाने, वासरू कसे झाले, दूध किती, एवढे लिहा. एकाच वळूची कालवड त्याच वळूला दाखवू नका. किंग रँचवर मंकीचे रक्त जवळच्या नात्यात वापरले गेले, पण तिथे हजारोंतून निवड करता येत होती. आपल्या गोठ्यात त्याने वाण खचेल.

दोन, गोचीड अंगावरच नाही, गोठ्याच्या भेगांतही असतो. तिथेच तो अंडी घालतो. भेगा बुजवा. संकरित गाईला ताप आणि तांबडी लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

तीन, जनावर वाढवण्याआधी उन्हाळ्याचे पाणी आणि वैरण मोजा.

ज्या रक्तासाठी टेक्सासच्या माणसांनी एवढी खटपट केली, ते आपल्या दावणीला आहे. त्याची नोंद नसेल तर पुढच्या पिढीला नुसता दोर मिळेल, वाण मिळणार नाही. वही आजच उघडा.