विस्तार अधिकारी

१४. विस्तार अधिकारी (कृषी) : मजकुरातले 'इस्तारसाहेब' ते हेच. जिल्हा परिषदेचे कर्मचारी, बसायचे पंचायत समितीत, गटविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली. 'विस्तार' म्हणजे इथे शेतीतल्या नव्या ज्ञानाचा प्रसार. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि ७० तरी उगवले का, ते पेरणीआधी शेतकऱ्यासमोर मोजायचे, हे त्यांचे खरे मोलाचे काम.

वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. परिषदेच्या शेतीयोजनांवर देखरेख ठेवते ती सदस्यांची कृषी समिती. गावात रोज दिसणारे, २०२५पर्यंत 'कृषी सहायक' म्हटले जाणारे कर्मचारी मात्र राज्याच्या कृषी विभागाचे. म्हणूनच मजकुरातल्या समितीच्या सभेत सभापतींनी जाब विचारला तो इस्तारसाहेबांना.