ट्रिस्टन द कुना

दक्षिण अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य बेटांचा समूह व ग्रेट ब्रिटनच्या सागरपार प्रदेशाचा एक घटक. सु. ३७° द. अक्षांश व १२° प. रेखांश यांवर असलेला हा समूह केपटाउनच्या पश्चिमेस सु. २,८०० किमी. व सेंट हेलेनाच्या दक्षिणेस सु. २,४०० किमी. अंतरावर आहे. कायम मानवी वस्ती असलेला जगातील सर्वांत एकाकी द्वीपसमूह म्हणून तो ओळखला जातो. लोकसंख्या अडीचशेच्या आत असून ती सर्व मुख्य बेटावरील ‘एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज’ या एकाच गावात राहते. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो याने १८६७ मध्ये बेटाला भेट दिली, त्यावरून हे भारदस्त नाव पडले. बेटकरी मात्र त्याला नुसते ‘वसाहत’ म्हणतात.

भूवर्णन : समूहात ट्रिस्टन (९८ चौ. किमी.), इनॲक्सेसिबल, नाइटिंगेल व तिच्या लगतची लहान बेटे आणि आग्नेयीस सु. ४०० किमी. वर असलेले गॉफ यांचा समावेश होतो. मुख्य बेट म्हणजे समुद्रतळापासून उठलेला एकच ज्वालामुखी पर्वत होय. त्याचे शिखर, क्वीन मेरीज पीक, २,०६२ मी. उंच असून हिवाळ्यात बर्फाच्छादित असते. सभोवार सु. ६०० मी. उंचीचे सरळ कडे समुद्रात उतरतात. वायव्येस कड्याखाली सखल जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. गाव, कुरणे व बटाट्याची शेते एवढे सर्व तिच्यावरच सामावले आहे. हवामान सौम्य सागरी प्रकारचे असून पर्जन्यमान वार्षिक १५० सेंमी. हून अधिक आहे. परंतु पश्चिमी वाऱ्यांचा जोर एवढा असतो, की उंच वृक्ष फारसे वाढत नाहीत व होड्या समुद्रात लोटणे अनेकदा अशक्य होते. नैसर्गिक बंदर नाही. पुढील सर्व इतिहासावर या एका उणिवेची छाया आहे.

इतिहास : हिंदुस्थानकडे जाणाऱ्या पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख त्रिस्तांव द कुन्य याला १५०६ मध्ये ही बेटे दिसली. त्याने येथे पाऊल ठेवले नाही, पण नाव मात्र त्याचे राहिले. या सफरीत त्याच्याबरोबर आफोन्सो द आल्बुकेर्क होता, ज्याने पुढे १५१० मध्ये गोवा जिंकले. त्रिस्तांवचा मुलगा नुनो हाही होता. हाच नुनो द कुन्य पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला व त्याच्या कारकीर्दीत १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली. तेव्हा या निर्जन बेटाचा शोध व आपल्या किनाऱ्याचा इतिहास या एकाच जलमार्गावरील घटना होत. यूरोपातून पूर्वेकडे येणारी शिडाची जहाजे ब्राझीलच्या बाजूने दक्षिणेस उतरत व तेथून पश्चिमी वारे पाठीशी घेऊन केपच्या दिशेने निघत. त्या वाटेवर ट्रिस्टनचे शिखर ही एक ठळक खूण होती. १६४३ मध्ये ‘हीमस्टेडे’ या डच जहाजावरील लोक बेटावर उतरले. त्यापूर्वी कोणी उतरल्याची निर्विवाद नोंद नाही.

वस्तीचा पहिला प्रयत्न १८१० मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील सेलमचा जॉनथन लँबर्ट याने केला. त्याने स्वतःला बेटांचा स्वामी घोषित केले व त्यांना ‘विसाव्याची बेटे’ अशा अर्थाचे नाव दिले. परंतु १८१२ मध्ये तो समुद्रात बुडाला. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी बेटे ताब्यात घेऊन तेथे शिबंदी ठेवली. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठी या बेटांचा उपयोग होईल, अशी भीती हे त्याचे एक कारण होते. १८१२ च्या युद्धात अमेरिकन जहाजांनी त्यांचा आश्रय घेतला होता, हे दुसरे. दोन्ही भये लवकरच ओसरली व १८१७ मध्ये शिबंदी काढून घेण्यात आली.

तोफखान्यातील स्कॉटिश कॉर्पोरल विल्यम ग्लास याने आपली पत्नी व दोन मुले यांच्यासह मागे राहण्याची परवानगी मिळविली. सॅम्युएल बर्नेल व जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडी त्याच्याबरोबर राहिले. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी या मंडळींनी एक करारपत्र केले. ते ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेले आहे. गुरेढोरे व साठा यांत सर्वांचा सारखा हिस्सा, नफ्याची समान वाटणी, खर्चाचा समान भार आणि सलोखा टिकावा म्हणून कोणीही दुसऱ्यावर वर्चस्व गाजवू नये, ही त्यातील कलमे होत. ज्याचे सारे आयुष्य सैन्यातील हुद्द्यांच्या उतरंडीत गेले, त्या माणसाच्या पुढाकाराने असा दस्तऐवज व्हावा, हे लक्षणीय आहे. प्रत्यक्षात १८५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ग्लासचा शब्द बव्हंशी अंतिम असे; तथापि तो मानला जाई तो अधिकारामुळे नव्हे, तर आदरामुळे. कराराचा हा आशय केवळ कागदावर राहिला नाही, हे पुढे दिसून येईल.

लोकसंख्या वाढली ती फुटलेल्या जहाजांमुळे व १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून आलेल्या पाच स्त्रियांमुळे. ग्लास, स्वेन, रॉजर्स, हॅगन, ग्रीन, रेपेत्तो व लाव्हारेल्लो या सात आडनावांत बेटाची वंशावळ सामावते. यांपैकी ग्रीन मूळचा डच खलाशी पीटर ग्रून. तो १८३६ मध्ये जहाज फुटून आला व ग्लासनंतर वस्तीचा प्रमुख झाला. रेपेत्तो व लाव्हारेल्लो हे कामोल्यी या इटालियन गावचे खलाशी १८९२ मध्ये ‘इटालिया’ जहाजाच्या अपघातानंतर येथेच राहिले.

बेटाचे अर्थकारण जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांशी होणाऱ्या वस्तुविनिमयावर उभे होते. बटाटे, मांस व गोडे पाणी देऊन पीठ, कापड, लाकूड व खिळे घ्यावयाचे, असा व्यवहार चाले. देवमाशांची शिकार मंदावली, वाफेची जहाजे आली व १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तेव्हा ही वाटच बंद पडत गेली. तत्पूर्वीच, १८५६–५७ मध्ये, ग्लासचे बहुतेक कुटुंबीय अमेरिकेस व आणखी सु. ४५ जण धर्मोपदेशकाबरोबर केप वसाहतीस गेल्याने बेटावर केवळ २८ माणसे उरली होती. १८८२ मध्ये एका फुटलेल्या जहाजातून उंदीर आले व पिकांची नासाडी सुरू झाली. सर्वांत मोठा आघात २८ नोव्हेंबर १८८५ रोजी झाला. ‘वेस्ट रायडिंग’ हे जहाज जाताना दिसताच व्यवहारासाठी १५ पुरुष होडीतून निघाले. त्यांपैकी एकही परतला नाही. कर्ते पुरुष जवळजवळ संपले आणि बेट विधवांचे झाले. तरीही बेट सोडण्याच्या सूचना बहुसंख्यांनी नाकारल्या. पहिले महायुद्ध संपल्याची वार्ता १९१९ मध्ये एका युद्धनौकेने आणली, यावरून त्या काळातील एकाकीपणाची कल्पना येते.

१९३८ मध्ये ट्रिस्टन हे सेंट हेलेनाच्या अधिसत्तेखालील क्षेत्र झाले. १९४२ मध्ये नौदलाने येथे गुप्त हवामान व बिनतारी केंद्र स्थापिले व त्यानंतर रोख पैसा हळूहळू व्यवहारात आला. १९४६ मध्ये प्रस्तावित केलेल्या एका टपाल तिकिटावर किंमत बटाट्यांतही छापली होती : एक पेनीस चार बटाटे. लंडनमधील अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही.

ऑगस्ट १९६१ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले व ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी शेजारी जमीन फुगून ज्वालामुखी जागृत झाला. १० ऑक्टोबर रोजी सर्व २६४ बेटकऱ्यांना मच्छीमारी बोटींतून नाइटिंगेल बेटावर, तेथून एका डच जहाजाने केपटाउनला व पुढे इंग्लंडला हलविण्यात आले. प्रथम सरे परगण्यात व नंतर साउदॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथे त्यांची सोय झाली. घरे, पगाराची कामे, चित्रपटगृहे व दुकाने लाभली, तसेच शरीराला अनोळखी असलेले श्वसनविकारही जडले. त्या हिवाळ्यात काही वृद्ध दगावले. बेटाचा प्रश्न आता कायमचा सुटला, असे अनेक अधिकाऱ्यांना वाटत होते. १९६२ मध्ये रॉयल सोसायटीच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा लाव्ह्याने शेवंडाचा कारखाना व होड्या उतरविण्याचे किनारे गिळले असले, तरी गाव जवळजवळ शाबूत असल्याचे आढळले. मेंढ्या मात्र मागे राहिलेल्या कुत्र्यांनी फस्त केल्या होत्या. डिसेंबर १९६२ मध्ये झालेल्या मतदानात १४८ मते परतण्याच्या बाजूने व ५ विरुद्ध पडली. या घटनेचे वर्णन वृत्तपत्रांतून ‘सुधारणेचा त्याग’ असे केले गेले. ते वरवरचे आहे. बेटकऱ्यांना पैसा किंवा यंत्रे नकोशी नव्हती. परतल्यावर त्यांनी कारखाना, वीज व बंदर यांचीच मागणी केली. त्यांना नको होते ते दुसऱ्याच्या हुकमतीखालील जिणे व स्वतःच्या मालकीची जमीन नसणे. नोव्हेंबर १९६३ पर्यंत बहुतेक सर्व जण परतले. १९६७ मध्ये बांधलेल्या लहानशा बंदरास त्यांनी कॅलशॉट हेच नाव दिले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आर्थिक स्थिती : सर्व जमीन समाईक मालकीची असून बाहेरच्या व्यक्तीस ती विकत घेता येत नाही व स्थायिकही होता येत नाही. कुरणांवर ताण पडू नये म्हणून प्रत्येक कुटुंबाने किती गुरे व मेंढ्या पाळाव्यात, यावर मर्यादा आहे. गावापासून सु. ३ किमी. वर दगडी गडग्यांनी वेढलेली बटाट्याची शेते आहेत. १८१७ च्या करारातील समतेचे तत्त्व या व्यवस्थेत आजही ओळखता येते; नफेखोरीस वाव नसल्याने फार श्रीमंत व फार गरीब असा भेद येथे निर्माण झाला नाही.

रोख उत्पन्नाचा मुख्य आधार शेवंड हा होय. त्याची व्यापारी पकड १९४०–५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. ज्वालामुखीने नष्ट केलेला कारखाना पुन्हा उभारला गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो आगीत भस्मसात झाला व २००९ मध्ये नवा सुरू झाला. प्रत्येक बेटाभोवती किती शेवंड पकडावयाचे, याचे वार्षिक प्रमाण ठरलेले असते. समुद्र शांत असेल त्या दिवशी पहाटे गावातील घंटा (वस्तुतः टांगलेली रिकामी गॅसची टाकी) वाजविली जाते, होड्या निघतात व सरकारी कचेरीत काम करणारेही संध्याकाळी कारखान्यात माल साफ करावयास जातात. गोठविलेला माल अमेरिका, जपान इ. देशांकडे निर्यात होतो. टपाल तिकिटे व नाणी यांच्या विक्रीतून व थोड्या पर्यटनातून पूरक उत्पन्न मिळते.

एकाच उत्पादनावर विसंबण्याचा धोका मार्च २०११ मध्ये प्रकर्षाने जाणवला. ब्राझीलहून सोयाबीन घेऊन सिंगापूरकडे निघालेले ‘ऑलिव्हा’ हे जहाज नाइटिंगेलवर आदळून फुटले व सु. १,५०० टन तेल समुद्रात पसरले. बेटकऱ्यांनी हजारो पेंग्विन पक्षी गोळा करून धुतले. त्यांपैकी थोडेच वाचले. नाइटिंगेल व इनॲक्सेसिबल येथील शेवंडाची पकडही काही काळ थांबवावी लागली. २०२० मध्ये बेटकऱ्यांच्या संमतीने भोवतालच्या सु. ६,८७,००० चौ. किमी. समुद्रात सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले, त्याच्या सु. ९० टक्के भागात मासेमारी व खाणकाम यांना बंदी आहे. गॉफ (१९९५) व इनॲक्सेसिबल (२००४) ही बेटे यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. गॉफवर १९५६ पासून दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र आहे.

राज्यव्यवस्था : २००९ च्या संविधानानुसार सेंट हेलेना, असेन्शन व ट्रिस्टन द कुना हे एकाच प्रदेशाचे समान दर्जाचे घटक ठरले व ट्रिस्टनचे ‘अंकित’ हे स्थान संपुष्टात आले. गव्हर्नर सेंट हेलेनावर असतो व त्याच्या वतीने ट्रिस्टनवर प्रशासक कारभार पाहतो. त्याला सल्ला देण्यासाठी आठ निर्वाचित व तीन नियुक्त सदस्यांचे बेट-मंडळ असून त्याची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. सर्वाधिक मते मिळविणारा सदस्य ‘मुख्य बेटकरी’ म्हणून ओळखला जातो. राजकीय पक्ष नाहीत. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने कमी झालेले ब्रिटिश नागरिकत्वाचे पूर्ण हक्क बेटकऱ्यांना २००२ मध्ये परत मिळाले.

शिक्षणासाठी शाळा व उपचारांसाठी २०१७ मध्ये उघडलेले कामोल्यी आरोग्यकेंद्र आहे. गंभीर रुग्णांना मात्र केपटाउनला न्यावे लागते. विमानतळ नाही, केपटाउनहून येणाऱ्या जहाजास अनुकूल हवामानात सु. एक आठवडा लागतो व वर्षातून मोजक्याच फेऱ्या होतात. उथळ कॅलशॉट बंदरात मोठी जहाजे शिरत नसल्याने माणसे व माल यांची चढउतार भर समुद्रात लहान नावांतून होते आणि लाटा न ओसरल्यास आलेले जहाज दिवसेंदिवस बेटासमोर थांबून राहते.