शुक्रवार पेठेतलं लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुने लॅपटॉप येऊ लागले. "लिनक्स टाका म्हणतेत, पण कुठलं?" असं गिऱ्हाईक विचारतं. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. जी सीडी हाती लागेल, ते लिनक्स.

पीसीक्वेस्ट मासिकानं १९९६ मध्ये अंकासोबत स्लॅकवेअरची सीडी दिली. पुढं त्यांचं स्वतःचं पीसीक्यूलिनक्स आलं, आधी रेड हॅटवर आणि नंतर फेडोरावर बेतलेलं. डायल-अपवर अख्खी सीडी उतरवायची म्हणजे फोनचं बिल बघून वडिलांनी घराबाहेरच काढलं असतं. त्यामुळं स्टॉलवरचा अंक हाच आमचा सर्व्हर. डेबियन १९९३ पासून होतं, पण आमच्या ओळखीत ते कुणाकडं नव्हतं. २००४ मध्ये उबुंटू निघालं आणि उबुंटूवाले सीडी फुकट घरपोच पाठवू लागले. पत्ता कळवायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट टाकून जायचा. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. उबुंटू सोपं म्हणून पसरलं असं म्हणतात. आमच्याकडं तरी ते पोस्टानं पसरलं.

छापखाने मात्र विंडोजवरून हलले नाहीत. लग्नपत्रिका, हँडबिलं, चादरीच्या पिशव्या, सगळं पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपीत. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, विंडोजवर चालणारी. एका छापखान्यात मी हौसेनं फेडोरा दाखवायला बसलो. मालकांनी पत्रिकेचा जुना मजकूर उघडायला लावला. गणपतीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं उमटली. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की मजकूर गेला. मालक शांतपणे म्हणाले, "आप्पा, मुहूर्त टळंल. हे घेऊन जावा तुम्ही." त्यांचं काय चुकलं?

गंमत पुढंच आहे. लिनक्सवर मराठी जोडाक्षरं धड दिसू लागली त्यात लोहित फॉन्टचा वाटा मोठा. रेड हॅटनं मुक्त परवान्यावर दिलेले हे फॉन्ट मुळात घडवले होते मॉड्युलरनंच! ज्यांच्या फॉन्टपायी छापखाने विंडोजला चिकटून राहिले, त्यांचीच अक्षरं लिनक्सवर आली. सी-डॅकचं बॉस लिनक्सही २००७ मध्ये आलं, डेबियनवर उभं, भारतीय भाषांसह. माझ्याकडं ते कुणी मागितलं नाही.

आज सगळं फुकट आणि दारात आहे, म्हणून निवड लॅपटॉप बघून करावी लागते. प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल, तर मी डोळे मिटून लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकतो. ३२ बिटचा असेल तर डेबियन १२. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ अशा मशीनवर नव्यानं बसतच नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय आणि आवाज तपासून घ्या. आणि घरात श्रीलिपीतल्या जुन्या फायली असतील, तर विंडोज पुसण्याआधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या.