एक पट, अनेक याद्या

परवा नातू सुट्टीला आला होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे सुट्टीतही लॅपटॉप सुटत नाही. पडद्यावर नावांची एक यादी होती. त्याने एका नावापुढचा आकडा बदलला आणि ती ओळ आपोआप दोन घरं वर सरकली. "हे कोण करतं रे?" मी विचारलं. म्हणाला, "आजोबा, ती एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. मूळ संग्रह एकच. त्यावरून गाळलेल्या, क्रम लावलेल्या कितीही याद्या काढायच्या. मुळात बदल झाला की सगळ्या याद्या आपल्याआप बदलतात."

मला कंटाळा येईल म्हणून तो गप्प बसला. मला मात्र १९८४ सालचा एप्रिल आठवला.

तेव्हा मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात ५८ मुलं. हजेरी क्रमांकाप्रमाणे मोठा गुणतक्ता करायचा, त्यावरून गुणानुक्रमाची यादी, मुलींची वेगळी, नापासांची वेगळी, सगळं हाताने. एका मुलीच्या इतिहासाच्या पुरवणीचे ७ गुण मिळवायचे राहिले होते (आणि विषय माझाच!). चूक सापडली, गुणतक्त्यात लाल शाईने दुरुस्ती केली, सही केली. पण गुणानुक्रमाची यादी आधीच हेडसरांकडे गेली होती. ती राहिली ती राहिलीच. बक्षीस समारंभात तिसरा नंबर दुसऱ्याच मुलाचा पुकारला गेला आणि ती मुलगी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत बसली. जूनमध्ये माझ्या लक्षात आलं, तोवर वडिलांची बदली होऊन ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं.

असो. चूक माझीच. पण एकच गोष्ट दोन कागदांवर लिहिली की कधीतरी ते दोन कागद वेगवेगळं बोलू लागतात, हेही खरं. या दुखण्यावर मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवलंय, हे नातवाने सांगितल्यावर मी वाचत सुटलो. त्यातलं थोडं इथे लिहितो.

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेली कार्डं वापरली. एका माणसाचं एक कार्ड. वयाप्रमाणे मोजा, धंद्याप्रमाणे मोजा, याद्या पुन्हा लिहायला नकोत, तीच कार्डं नव्याने मोजायची. अडचण एवढीच की कार्डांचा गठ्ठा एका वेळी एकाच क्रमाने लावता येतो. वाचनालयांनी यावर उपाय म्हणून एका पुस्तकाची दोन-तीन कार्डं केली, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. म्हणजे पुन्हा नक्कल आलीच!

खरी उकल केली एडगर कॉड यांनी. हे मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, नंतर आयबीएममध्ये गेले. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात माहितीच्या साठ्याला स्वतःचा असा क्रमच नको, असं त्यांनी मांडलं. माहिती कुठल्या ओळीत ठेवली आहे यावर कोणाचं काम अवलंबून राहू नये, ज्याला जो क्रम हवा तो त्याने मागावा. मला हे वाचून गंमत वाटली. आम्ही हजेरी क्रमांक म्हणजे जणू मुलाचा जन्मजात गुण समजायचो! पुढे आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' या प्रकल्पात 'व्ह्यू' आले. व्ह्यू म्हणजे साठवलेली यादी नव्हे, यादी कशी काढायची याची साठवलेली रीत. खिडकीच म्हणा ना. खिडकीत माणसं राहत नाहीत, दिसतात.

पण ही खिडकी विचारल्यावर उघडायची. आपणहून हलणारी यादी दुसरीकडून आली. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं 'व्हिजिकॅल्क' बाजारात आलं. हार्वर्डमध्ये शिकताना ब्रिकलिन यांनी प्राध्यापकांना फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून लिहिताना पाहिलं होतं, त्यातून ती कल्पना सुचली. (खडूची पूड खाल्लेल्या कोणालाही हे पटेल.) त्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी मूळ माहिती आणि तिचं पडद्यावरचं रूप वेगळं ठेवण्याची पद्धत मांडली.

जावास्क्रिप्ट १९९५ ची, ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत केला. पण बरीच वर्षं वेबपानावरची यादी उलटी लावायची तर बहुधा सगळं पानच पुन्हा मागवावं लागे. २०१० साली जेरेमी अ‍ॅश्केनाझ यांचं 'बॅकबोन' आलं. त्यात संग्रहात काही बदललं की तशी हाक दिली जायची. मात्र त्या संग्रहातून गाळून घेतलेली यादी मिळायची ती तेवढ्या क्षणाचीच, माझ्या गुणानुक्रमाच्या यादीसारखी. पुढचे बदल तिला कळत नसत. ती फट बुजवायला अनेकांनी लहान लहान लायब्रऱ्या लिहिल्या.

त्यांचं काम नातवाने मला वहीवर समजावलं. यादी मुळाकडे कान लावून बसते. बदलाची हाक आली की त्या एकाच नावाचा विचार करायचा: आता बसतं का? आत घ्या. बसत नाही? काढा. क्रम बदलला? हलवा. सगळी यादी पुन्हा लावायची नाही. जागा शोधताना मधल्या नावाशी तुलना, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधल्याशी. ५८ नावांत फार तर सहा तुलना! मी आयुष्यभर वरून खाली बोट फिरवत आलो.

मग मी त्याला पाच नावं आणि पाच बेरजा लिहायला सांगितल्या. चौथ्या नावात सात मिळव म्हटलं. ओळ वर सरकली. "झालं?" तो म्हणाला. "झालं," मी म्हटलं.

त्या वर्गातलं कोणी हे वाचत असेल आणि ती मुलगी कुठे आहे हे ठाऊक असेल, तर तिला एवढं कळवा. तिचा नंबर तिसरा होता.